मावशी, वऱ्हाडीचं व्याकरण तुम्ही शिकवलंत

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

माझी आंतरजिल्हा बदली झाल्याचं तुम्हाला कळलंच असेल. निरोपाच्या दिवशी सगळ्यांची भाषणं झाली, हार-नारळ झाले आणि तुम्ही नेहमीसारख्या शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक उरकून पंगतीची तयारी करत राहिलात. तुमच्याशी बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि ते चारचौघांनी वाचावं असं लिहितेय. माझ्यासारखे कितीतरी शिक्षक राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेमणूक घेऊन जातात. पहिलीच्या वर्गात उभं राहिल्यावर मूल काय बोलतंय हे समजावून देणारं माणूस त्यांना भेटेलच असं नाही. मला भेटलं.

मी सातारा जिल्ह्यातली. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातल्या तुमच्या गावात आले तेव्हा पोरं तक्रार घेऊन यायची, ‘मॅडम, थो मले मारून रायला.’ अर्थ लागायचा, पण हे बोलणं असं का चालतं ते कळायचं नाही. डी.एड.ला असताना आम्हाला सांगितलं होतं की मुलांची अशुद्ध भाषा हळूहळू सुधारून घ्यायची. ‘मारून रायला’ म्हणजे ‘मारतोय’, ‘मले’ म्हणजे ‘मला’. एवढं पाठ करून काम भागेल असं वाटणं साहजिक होतं.

खरी शिकवणी तुमच्या पंगतीत झाली. तुम्ही एका पोराला म्हणालात, ‘ताट धू.’ शेजारी जो अजून जेवत होता त्याला म्हणालात, ‘धुजो बरं.’ मला वाटलं, दुसऱ्याशी जरा लाडानं बोलताय. विचारलं तर तुम्ही वाढता वाढता सांगितलंत, ‘आत्ता करायचं तं कर. मंग करायचं तं करजो.’ मावशी, व्याकरणाच्या पुस्तकात यासाठी अख्खा परिच्छेद लागला असता. पुस्तकी मराठीत ‘नंतर’ किंवा ‘उद्या’ असा जास्तीचा शब्द घालून हे सांगावं लागतं. तुमच्याकडे क्रियापदच ते सांगतं. एकाला ‘येजो’, अनेकांना ‘येजा’. सहा वर्षांचं पोर हा फरक कधी चुकत नाही. त्या दिवसापासून मी पोरांचं बोलणं निराळ्या कानांनी ऐकू लागले.

मग एकेक दिसत गेलं. मुली म्हणतात ‘मी आली’, ‘मी जेवली’. प्रमाण मराठीत ‘मी आले’. पण ‘ती आली’ तशी ‘मी आली’, यात गडबड कुठे आहे? ‘तो येईल’ला तुम्ही ‘थो येईन’ म्हणता, ‘पोरांना’ला ‘पोट्ट्यायले’. प्रत्येकाला नियम आहे आणि लहानथोर सगळे तो पाळतात. नियम पाळणाऱ्या भाषेला अशुद्ध म्हणायचं कसं?

सगळ्यात जास्त घाम काढला तो ‘ळ’नं. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ती शाया, डोळा तो डोया. पोरं जसं बोलतात तसंच लिहायची, ते सरळ होतं. पण मी ‘य नाही, ळ लिहा’ असा धोशा लावल्यावर पोरं घाबरून सगळीकडेच ‘ळ’ लिहायला लागली. एका मुलीनं ‘माझा पाळ दुखतो’ लिहिलं. पाय, गाय, माय यांत ‘य’ जागचाच, आणि फयात, दायीत तो ‘ळ’च्या जागी आलेला. कानाला दोन्ही सारखे. मग पोरानं ओळखायचं कसं? यावर तोड काढलीत ती तुम्ही. पोषण आहाराच्या डब्यांवर खडूनं नावं लिहून द्या म्हणालात. डाळ, तांदूळ, गूळ. पोरं डबा उचलताना तोंडानं ‘दाय’, ‘तांदूय’ म्हणायची आणि डोळ्यांनी ‘ळ’ वाचायची. पुढे फळ्यावर आम्ही दोन रकाने केले, ‘घरचं’ आणि ‘पुस्तकातलं’. घरच्या रकान्यात काय लिहायचं ते पोरं सांगायची आणि त्यांचं एकमत झालं नाही तर निकाल तुमच्याकडे. शिक्षण सातवीपर्यंतचं म्हणून तुम्ही संकोचायचात, पण वर्गात त्या विषयातल्या जाणत्या तुम्हीच होतात.

त्या रकान्यांवरून काही पालकांनी नाराजी दाखवली. ‘पोट्टे शायेत सुद्ध शिकाले येतात’ असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी मला पटते. शिष्यवृत्तीची परीक्षा, तलाठ्याकडचा अर्ज, बँकेचा कागद, सगळं प्रमाण मराठीत आहे आणि ती मुलांना आलीच पाहिजे, चोख आली पाहिजे. पण ही प्रमाण मराठी आभाळातून पडलेली नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले १९६२ साली. शाळा, छापखाने, कचेऱ्या यांना एक सामायिक रूप हवं होतं. पुण्याकडच्या शिकलेल्या मंडळींचं बोलणं त्याला जवळचं होतं आणि तेच पुढे झालं. माझ्या माहेरीसुद्धा ‘म्या गेल्तो’, ‘न्हाय’, ‘कवाधरनं’ असंच बोलतात. तुमच्या गावातल्या आणि माझ्या गावातल्या पहिलीच्या पोराला पुस्तकातली मराठी सारखीच नवी असते.

आणि वऱ्हाडीला कमीपणा तो कसला? जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने नोंदवलेले आहेत. गाडगेबाबा तुमच्याच भागातले. प्रश्न विचारत, उत्तरं घेत ते कीर्तन करायचे तेही याच बोलीत, आणि मुंबईतसुद्धा माणसांचे थवे बसून ऐकायचे. तुमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या सहलीला तुम्ही बरोबर होतात. आद्य मराठी गद्य, लीळाचरित्र, त्या भूमीत घडलं. तिथे मी पोरांना महानुभाव पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांची गोष्ट सांगितली. त्यांचे शिष्य केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा आचार्यांनी अडवलं, संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, म्हणजे त्या ज्ञानाला मुकतील म्हणून. तुम्ही मागून म्हणालात, ‘म्हंजे आमच्यासारखीसाठीच म्हना.’ पोरं हसली, पण मला ते फार खरं वाटलं. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तुमची नात तिथे शिकायला जावी असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यामुळे वर्गात काय बदललं ते सांगायलाच हवं. पहिले कित्येक दिवस काही मुलं तोंडच उघडायची नाहीत. घरचं बोलणं चालतं हे कळल्यावर तीच मुलं वावरातल्या, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या, बैलांच्या गोष्टी सांगायला लागली. सांगता यायला लागल्यावर लिहिणं मागोमाग आलं. आधी घरच्या रकान्यातलं, मग पुस्तकातलं. आता चौथीतल्या मुली घरी वऱ्हाडीत बोलतात आणि निबंध प्रमाण मराठीत लिहितात, दोन्हींत अडखळत नाहीत.

या सगळ्यासाठी मावशी, मनापासून आभार. पन्नास पोरांचं अन्न शिजवून, भांडी आवरून तुम्ही माझ्या शंकांना वेळ दिलात. त्याचा मोबदला तर सोडाच, कुठल्या रजिस्टरात नोंदसुद्धा नाही.

जाता जाता एक काम सांगते. दोन रकान्यांचे तक्ते कपाटात खालच्या खणात ठेवलेत. नवीन सर रुजू झाले की त्यांना दाखवा आणि पहिले काही दिवस त्यांच्या वर्गात येऊन बसा, ते सांगायला लाजले तरी बसा. वावरातल्या शब्दांचा तक्ता अर्धाच झालाय. कापूस वेचणीपासून पुढचे शब्द तुम्ही सांगा, मुलांना लिहू द्या. मी इकडे माझ्या शाळेत साताऱ्याकडच्या बोलीचा तसाच तक्ता सुरू करतेय. पहिली यादी झाली की तुमच्या नातीच्या फोनवर पाठवते, वाचून घ्या आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ते कळवा.

तुमची,
पहिलीच्या वर्गाची मॅडम