पार्किंगमधल्या पाटीमागे कायदा उभा करा

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मॉलच्या तळघरात गाडी उतरवताना भिंतीवर बहुतेक ठिकाणी एक पाटी दिसते: 'वेगमर्यादा ताशी १० किमी'. आमच्या सोसायटीच्या फाटकावरही तशीच एक आहे, कमिटीने पेंटरकडून रंगवून घेतलेली. ती न पाळणाऱ्याचं काय होतं? चलन फाटत नाही. फार तर वॉचमन शिट्टी वाजवतो आणि गाडीवाला त्यालाच दम देऊन जातो.

याचं मूळ मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये आहे. कलम ११२ ची वेगमर्यादा 'सार्वजनिक ठिकाणी' लागू होते. कलम ३ मधली लायसन्सची अटही तशीच. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे, कलम २(३४) प्रमाणे, जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी जागा. मग मॉलचं पार्किंग कशात बसतं? हॉस्पिटलचं आवार? दूधवाला, डिलिव्हरीवाले, स्कूलव्हॅन, पाण्याचा टँकर हे सगळे दिवसभर ये-जा करतात ती सोसायटी?

न्यायालयांनी वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळं सांगितलं आहे. विम्याच्या भरपाईच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये म्हटलं की लोकांना प्रवेश असेल, मग तो मोकळा असो की नियंत्रित, तर ती जागा सार्वजनिकच. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याचं बंदिस्त आवार सार्वजनिक मानलं नाही आणि तिथेच चालणाऱ्या वाहनांवरचा कर नाकारला. एक वाद भरपाईचा, दुसरा कराचा, हे मान्य. पण पोलीस चौकीवर इतका बारकावा कोण पाहणार? तिथे 'खासगी जागा आहे, आपसात मिटवा' हे उत्तर तयार असतं.

खरं तर पोलिसांचे हात इतके बांधलेले नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यापुरतं आहे, पण निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं कलम १२५ फाटकाशी थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्येही धोकादायक वाहन चालवण्याला जागेची अट घातलेली नाही. ही कलमं वापरायची सवय नाही, इतकंच. आणि वापरली तरी ती लागतात बहुधा कुणाला तरी लागल्यावर. वेगमर्यादा त्याच्या आधी कामाला यायला हवी.

ताशी २० हा वेग रस्त्यावर हास्यास्पद कमी वाटेल. पण त्या वेगाने गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. आपल्याच सरकारच्या बांधकामाच्या नियमांत, म्हणजे एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत, चारचाकीची जागा २.५ बाय ५ मीटर धरली आहे. म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात एका पार्किंगची पूर्ण लांबी मागे पडते, आणि खांबाआडून चेंडूमागे धावत येणारं पोर तेवढ्यातच समोर येतं. मुलांनी तिथे खेळू नये म्हणणाऱ्यांनी आधी जवळचं मैदान दाखवावं.

माझी मागणी मोठी नाही. कलम ११२(२) राज्य सरकारला अधिसूचनेने वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार देतं. तो वापरून मॉल, हॉस्पिटल, नाट्यगृह अशा लोकांसाठी खुल्या पार्किंगना ताशी १० ची मर्यादा लावा. बंद फाटकाच्या सोसायट्यांसाठी, अधिसूचना तिथे टिकेल की नाही हा वाद चालू राहिला तरी, कलम १२५ आणि १८४ खाली तक्रार नोंदवून घ्या असं स्पष्ट परिपत्रक निघावं म्हणून गृहखात्याशी बोला. आणि नगरविकास खात्यालाही सांगा, की पार्किंगची संख्या मोजून भोगवटा प्रमाणपत्र देताना वळणावरचा आरसा आणि प्रमाणात बसणारा गतिरोधक आहे का, तेही पाहावं. सध्या सोसायट्या सिमेंटचा ढिगारा ओतून त्यालाच गतिरोधक म्हणतात. त्यावर म्हाताऱ्या माणसांच्या स्कूटर घसरतात.

आपला,
ठाण्यातील एक सोसायटीकर