मालिका बंद झाली, प्रेक्षक उठले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका गृहस्थांनी मालिकावेड्या प्रेक्षकांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. वाहिनीने मालिका बंद केली, विषय मिटला. त्यानंतर वर्षानुवर्षं तिच्या आठवणी काढत बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असा त्यांचा सूर होता. भुताखेतांच्या मालिकांवर तर त्यांचा विशेष राग दिसला. त्यांच्या मताचा मान ठेवूनही मला ते पटलं नाही. १९७१ साली बंद पडलेल्या एका अमेरिकन मालिकेवर लोकांनी केलेलं प्रेम मी जवळून पाहिलं आहे, आणि त्या प्रेमाने काय काय वाचवलं तेही मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

मालिकेचं नाव ‘डार्क शॅडोज’. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी ती सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार, दुपारी अर्धा तास. व्हिक्टोरिया विंटर्स नावाची एक अनाथ तरुणी मेन राज्यातल्या एका काल्पनिक गावी, समुद्रकड्यावरच्या कॉलिन्सवुड नावाच्या वाड्यात, एका मुलाची शिकवणी करायला येते, अशी सुरुवात. पहिले काही महिने प्रतिसाद यथातथाच होता. मग निर्माते डॅन कर्टिस यांनी गोष्टीत आधी भूत आणलं, पाठोपाठ अग्नीतून पुन्हा जन्मणारी एक बाई आणली आणि एप्रिल १९६७ मध्ये रक्त पिणारं पिशाच्च आणलं. विली लूमिस नावाचा भामटा दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या दफनगृहात शिरतो, साखळदंडांनी जखडलेली शवपेटी उघडतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. भाग संपला. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दारात एक अत्यंत सभ्य गृहस्थ उभा. इंग्लंडहून आलेला लांबचा भाऊ म्हणून तो स्वतःची ओळख करून देतो: बार्नबस कॉलिन्स. हे पात्र काही आठवड्यांपुरतंच ठरलं होतं. ते पुढे जवळजवळ चार वर्षं राहिलं, आणि जोनाथन फ्रिड या कॅनेडियन रंगभूमीवरून आलेल्या नटाचं नाव घराघरांत पोचलं.

लोक इतके का गुंतले, याचं उत्तर माझ्या मते त्या पात्रातच आहे. ज्याची इच्छा राहून जाते तो भूत होऊन घुटमळतो, असं आपल्याकडे गावोगाव मानतात. बार्नबस नेमका तसा आहे. नोव्हेंबर १९६७ मध्ये गोष्ट एकदम १७९५ सालात जाते आणि त्याचं मूळ कळतं. अँजेलिक नावाच्या चेटकिणीला त्याने नाकारलं, तिने शाप दिला की तुझ्यावर जो कुणी प्रेम करील तो मरेल. त्याच शापाने तो स्वतः पिशाच्च झाला. आणि जोसेट नावाच्या तरुणीवर तर त्याचा जीव. आपलंही त्याच्यासारखंच होणार हे दिसल्यावर जोसेट कड्यावरून उडी घेते. अशा माणसाचा तिरस्कार कसा करणार? त्याआधीची पडद्यावरची पिशाच्चं मारून टाकण्यासाठी असत. इथे प्रेक्षकाला वाटू लागलं की याची सुटका व्हावी.

१९८०च्या दशकात आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर या मालिकेचं पुनःप्रक्षेपण चालायचं. आमची शेजारीण त्या पिढीतली, जी शाळा सुटली की दप्तर सांभाळत धावत घरी यायची, चारच्या ठोक्याला सुरू होणारा भाग चुकू नये म्हणून. तिनेच मला पाहायला बसवलं. मालिका जवळजवळ थेट प्रक्षेपणासारखीच चित्रित व्हायची. त्या काळी व्हिडिओ टेप कापणं-जोडणं खर्चिक असल्याने चुकलेलं दृश्य सहसा पुन्हा घेत नसत. त्यामुळे भिंतीवर माइकची सावली दिसते, थडग्याचा दगड हात लागताच डगमगतो, फ्रिड भर संवादात असताना त्यांच्या तोंडावर माशी बसते आणि ते तसंच बोलत राहतात. संवाद पाठ होणं हे फ्रिड यांना अवघड जाई, हे त्यांनी स्वतःही कधी लपवलं नाही. ते अडखळले, डोळे बाजूच्या संवाद लिहिलेल्या फलकाकडे वळले, की माझी शेजारीण सोफ्यावर बसल्या बसल्या पुढचा शब्द हळूच पुटपुटायची. तिचं म्हणणं असं की, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी घालमेल दिसते तीच तिला लहानपणी बार्नबसची वेदना वाटायची, आणि अजूनही वाटते. मी तिच्याबरोबर पाहत गेले आणि मलाही तसंच दिसू लागलं.

मालिका २ एप्रिल १९७१ रोजी बंद झाली. प्रेक्षक घटले होते. शिवाय चाहत्यांत शाळकरी पोरं फार, आणि दुपारच्या वेळेचे जाहिरातदार साबण-पावडरवाले. त्यांना गिऱ्हाईक म्हणून गृहिणी हव्या होत्या. निषेधाची पत्रं गेली, उपयोग झाला नाही. त्या जागी शब्द ओळखण्याचा एक खेळ सुरू झाला. प्रेक्षकांना याहून लागलेली गोष्ट अशी की शेवटचं कथानक १८४१ सालच्या एका समांतर जगातलं होतं. त्यात बार्नबस नव्हताच. फ्रिड दुसऱ्याच माणसाची भूमिका करत होते. अखेरच्या मिनिटांत एका निवेदकाने पात्रांचं पुढे काय झालं ते भराभर सांगून टाकलं. चार वर्षं ज्याच्यासाठी पोरं धावत घरी आली, त्याचा निरोप घेणंही त्यांच्या वाट्याला आलं नाही. माझ्या शेजारणीला ही गोष्ट दशकभरानंतरही बोचत होती, आणि तिचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. रोज घरात येणारं माणूस न सांगता यायचं बंद झालं, तर चुटपुट लागतेच.

आता त्या प्रेमाने काय वाचवलं ते सांगते. दुपारच्या मालिकांच्या टेप पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. ‘डार्क शॅडोज’ सुदैवाने त्यातून वाचली. एकूण १२२५ भाग झाले. (शेवटच्या भागाचा क्रमांक १२४५ आहे, कारण प्रक्षेपण न झालेल्या दिवसांमुळे काही क्रमांक गाळले गेले.) त्यातला फक्त एक भाग, क्रमांक १२१९, कुठेच सापडला नाही. पण तो प्रसारित झाला त्या दिवशी कुणा प्रेक्षकाने घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज मुद्रित केला होता. ना व्हीसीआरचा जमाना, ना ही मालिका पुन्हा कधी दिसेल याची खात्री. निदान आवाज तरी आपल्याजवळ राहावा एवढ्यासाठी त्या व्यक्तीने तो खटाटोप केला. पुढे मालिका व्हिडिओ कॅसेटवर आली तेव्हा त्या आवाजाला स्थिरचित्रं जोडून हा भाग उभा केला गेला. वाहिनीकडे नव्हतं ते एका घरात होतं. पत्रलेखक गृहस्थांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे.

१९८३ पासून चाहत्यांचे मेळावे भरू लागले, ते पुढे वर्षानुवर्षं भरत राहिले. जुने कलाकार तिथे येत. फ्रिड मधली बरीच वर्षं दूर राहिले, पण आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत तेही पुन्हा येऊ लागले. १७९५ सालच्या गोष्टीत जोसेट झालेल्या कॅथरिन ली स्कॉट यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढून मालिकेवर पुस्तकं केली. अँजेलिक साकारणाऱ्या लारा पार्कर यांनी त्याच विश्वातल्या कादंबऱ्या लिहिल्या. कर्टिस यांनी १९९१ मध्ये एनबीसीवर मालिका नव्याने आणली, तर ऐन सुरुवातीला आखाती युद्धाच्या बातम्यांनी तिच्या वेळेचा पार बोऱ्या वाजवला आणि बारा भागांत तीही गेली. २००६ पासून मूळ कलाकारांच्या आवाजात श्राव्य नाटकं निघू लागली. २०१२ मध्ये सगळे भाग १३१ डीव्हीडींवर, शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात मिळू लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रिड गेले. मे महिन्यात याच नावाने आलेल्या चित्रपटात ते आणि त्यांचे तीन जुने सहकलाकार मेजवानीच्या दृश्यात क्षणभर दिसतात. त्या क्षणभरासाठी लोक चित्रपटाला गेले, हे मला नवल वाटत नाही. एवढं सारं पडद्यामागे कुणी बड्या माणसाने घडवून आणलेलं नाही. लोक विसरले नाहीत, म्हणून घडलं.

आपल्याकडे हे प्रेम नाही असं कुणी म्हणू नये. ‘रात्रीस खेळ चाले’मुळे सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा पाहायला माणसं वाट वाकडी करून जात. अण्णा नाईक आणि शेवंता ही नावं मालिका पाहिलीच नाही अशांनाही ठाऊक झाली. ते लोक रिकामटेकडे नव्हते. नोकरी-धंदा, पोरंबाळं सांभाळणारीच माणसं होती ती. कोकणातल्या त्या दिवाणखान्यात आपणही बसून आलोय असं त्यांना वाटत होतं, एवढंच.

आपण कमी पडतो ते जपण्यात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची ‘गहिरे पाणी’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचं नाव काढताच अंगावर काटा येतो. मतकरी १७ मे २०२० रोजी गेले, तेव्हा कितीतरी जणांना त्यांच्या पुस्तकांच्या जोडीने या मालिकेचीच आठवण झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तिथल्या सुरुवातीच्या कार्यक्रमांपैकी किती आज पाहायला मिळतात, हा प्रश्न त्या पिढीतल्या कुणालाही विचारा आणि त्यांचा चेहरा पाहा. वाहिन्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मालिका बंद करायची तर खुशाल करा, तो तुमचा व्यवहार आहे. पण तिचे भाग नीट क्रमाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, लोकांना पैसे भरून का होईना पाहता येतील असे ठेवा. अर्धवट तुकडे आणि गाजलेली दृश्यं नकोत.

आणि वाचकांना एक विनंती. माळ्यावरच्या खोक्यात जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील, त्यांवर कुणी हौसेने एखादी मालिका मुद्रित केली असेल, तर दिवाळीच्या सफाईत त्या भंगारवाल्याला देऊ नका. आपल्या पावसाळी हवेत टेपला बुरशी धरते आणि मग ती यंत्रात घालता येत नाही. कॅसेट आधी कोरड्या जागी हलवा, त्यावर काय आहे आणि साधारण कधीचं आहे ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा आणि लग्नाच्या कॅसेटचं डिजिटल रूपांतर करून देणारा जवळपास कुणी असेल, त्याच्याकडून तेही करून घ्या. जाहिराती कापू नका, त्याही राहू द्या.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे