फोल्डिंग सायकलीला बारीक टायर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मेट्रो आणि फोल्डिंग सायकल यांची जोडी कशी जमते, यावरचा लेख वाचला. वनाझ मेट्रो स्टेशनला घडी घालायची आणि कल्याणीनगर स्टेशनला उघडायची, हे मीही करतो. नात तिकडे राहते आणि दुपारी तिला शाळेतून आणायचं काम आजोबांकडे आहे. त्यामुळे लेखातलं बाकी सगळं पटलं. पण चाक लहान असतं म्हणून टायर बारीक घ्यावेत आणि हवा टाईट ठेवावी, म्हणजे सायकल पळते, हा शेवटचा सल्ला वाचून राहवलं नाही. पुण्यात हा सल्ला मनावर घेणाऱ्याचं मनगट तरी जाईल, नाहीतर रिम तरी.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनतात त्या विभागात, इन्स्पेक्शनला गेली. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही तिथली शिस्त, म्हणून थोडे आकडे देतो. माझ्या टायरवर 47-406 असं उमटवलेलं आहे. पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा, टायरची तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. 406 मध्ये वरचे 47 आणि खालचे 47 मिळवले की चाकाचा बाहेरचा व्यास 500 होतो आणि चाकाच्या एका फेरीत सायकल साधारण 1.57 मीटर पुढे जाते. तिथे 28 चा बारीक टायर चढवला की व्यास 462 आणि फेरी 1.45 मीटर. म्हणजे मुळात लहान असलेलं चाक आपण पैसे मोजून आणखी लहान केलं! गिअर तोच, पायडल तेवढंच मारायचं आणि अंतर सात-आठ टक्क्यांनी कमी.

खड्ड्याचं गणित याहून वाईट आहे. वीतभर रुंद, समजा 20 सेंटिमीटरचा खड्डा आहे. मोठ्या सायकलीचं 700 बाय 35 चं (टायर 35 मिलिमीटर रुंद) चाक त्यात सुमारे 15 मिलिमीटर उतरतं, माझं 21. शिवाय समोरची कड लहान चाकाला जास्त उभी भेटते. ती कड आणि रिम यांच्यामध्ये टायरमधली हवा, एवढाच काय तो आधार. 28 च्या टायरच्या मानाने 47 च्या टायरमधल्या हवेच्या पोकळीचा आडवा काप पावणेतीन पट मोठा असतो, म्हणून तो कमी दाबावरही रिम टेकू देत नाही. बारीक टायर टाईट ठेवावाच लागतो, नाहीतर पहिल्याच चेंबरला ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. आणि टाईट ठेवला की तो धक्का पोटात घेत नाही. सरळ हँडलला आणि घडीच्या बिजागरीला पाठवून देतो. फोल्डिंग सायकलीची बिजागरी खुळखुळायला लागली की लोक कंपनीला शिव्या घालतात. आधी हवा बघावी.

टाईट हवेवर सायकल पळते, हे खोटं नाही, पण रस्ता तुळतुळीत असेल तर. खडबडीत रस्त्यावर टायर दबला नाही की सायकल वरच्या माणसासकट उडते आणि पायातली ताकद त्या उडण्यात जाते. लहान चाकाला कडक टायर, ही कल्पना आली ती बहुधा इंग्लंडच्या ॲलेक्स मोल्टन यांच्या सायकलीवरून. 1962 साली त्यांनी लहान चाकांची सायकल बाजारात आणली आणि टायर जास्त हवेचेच वापरले. पण त्याबरोबर पुढे-मागे रबराचं सस्पेन्शन दिलं होतं. आपण त्यातली कडक हवा तेवढी उचलली आणि सस्पेन्शन तिथेच सोडून आलो.

आता दुकानातला गोंधळ. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने 'वीस इंची' म्हणून टायर मागवला. आला तोही वीस इंचीच, पण रिमवर ठेवल्यावर एका बाजूला दोन बोटं सहज जातील एवढी फट. तिची रिम 406 ची आणि आलेला टायर 451 चा. दोन्हींना जग वीस इंचीच म्हणतं. सोळा इंचीतही तेच, 305 वेगळा आणि 349 वेगळा. घडीच्या सायकलींत ज्या ब्रॉम्प्टनचं नाव निघतं तिला 349 लागतो. एक ढोबळ खूण अशी की रुंदी दशांशात लिहिली असेल, जसं 20 बाय 1.75, तर बहुतेक 406. अपूर्णांकात असेल, जसं 20 बाय 1 3/8, तर बहुतेक 451. पण खुणेवर विसंबू नका. जुना टायर पुसून त्याच्या बाजूवर कोरलेला तीन आकडी नंबर वाचा आणि दुकानदाराला तोच सांगा. नवी सायकल घेतानाही 406 ची घ्यावी, असं माझं मत. बीएमएक्सचा (कसरतीच्या लहान चाकांच्या सायकलीचा) आणि मुलांच्या बऱ्याच सायकलींचा टायर याच मापाचा असल्याने अडीअडचणीला गल्लीतल्या दुकानातही मिळून जातो. 451 साठी शोधाशोध करावी लागते.

रुंद घ्या म्हणजे मावेल तेवढा रुंद घ्या, असंही नाही. चाक धरणाऱ्या चिमट्यात (फोर्कमध्ये), ब्रेकच्या हातांमध्ये आणि मडगार्डखाली पाचेक मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक घासतं. आणि दुकानातच एकदा सायकलीची घडी घालून बघा. घडीत चाकं शेजारी शेजारी येतात, तिथे टायर एकमेकांना किंवा सांगाड्याला टेकता कामा नये. डोंगरावर जायचे गट्ट्यांचे टायर तर शहरात नकोच, डांबरावर नुसते घुरघुरतात. साधी उथळ नक्षी पुरते. पंक्चर अडवणारा पट्टा आत असलेला टायर जड असतो, पण मी तोच घेतो. लहान चाकाचं पंक्चर काढणं ही शिक्षा आहे. टायर इतका घट्ट बसतो की तार रिमच्या मधल्या खोलगट भागात अंगठ्याने सगळीकडून ढकलत आणली तरच शेवटचा वीतभर भाग चढतो. त्यात आऱ्यांची गर्दी. पंपाचं सरळ तोंड वॉल्व्हवर नीट बसतच नाही, म्हणून वाकड्या तोंडाचा पंप घ्यावा.

हवेचं म्हणाल तर माझं वजन 72 किलो, मी मागे 50 आणि पुढे 40 पीएसआय ठेवतो. टायरवर छापलेला सगळ्यात वरचा आकडा ही मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे अशी सक्ती नाही. या सायकलींवर बहुतेक भार मागच्या चाकावर येतो, म्हणून मागचा टायर आधी झिजतो. तो झिजला की पुढचा मागे घालावा आणि नवा पुढे. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

सायकल विक्रेत्यांना एकच विनंती. बिलावर आणि फलकावर 'टायर 20 इंच' लिहू नका, 47-406 असा पुरता नंबर लिहा. तो टायरवर छापलेलाच असतो, नुसता उतरवून घ्यायचा आहे. आणि महापालिकेने पावसाळी गटारांच्या जाळ्या बसवताना पट्ट्या रस्त्याला आडव्या येतील असं पाहावं. कोथरूडमध्ये काही ठिकाणी त्या रस्त्याच्याच दिशेने उभ्या आहेत आणि मधल्या फटीत 28 चा टायर बरोब्बर बसतो. आपल्या पुरवणीतला सल्ला मानून कोणी तसा टायर घालून निघण्याआधी हे पत्र छापावं.

आपला,
एक निवृत्त टूलरूम इन्स्पेक्टर,
कोथरूड, पुणे 38