युद्धांच्या यादीत मराठे कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८१५ नंतरची शंभर वर्षे जगात तुलनेने शांततेची होती, असे आंतरराष्ट्रीय राजकारणावरील लेखांत आकडे देऊन सांगितले जाते. असे आकडे बहुधा एकाच यादीतून येतात. १९६३ मध्ये जे. डेव्हिड सिंगर यांनी मिशिगन विद्यापीठात सुरू केलेल्या ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाची ही यादी १८१६ पासूनची युद्धे मोजते.

यात ‘राज्य’ कोणाला म्हणायचे याची अट वाचून मी अस्वस्थ झालो. १९२० पूर्वीच्या काळासाठी लोकसंख्या पाच लाखांहून जास्त हवी आणि ब्रिटन व फ्रान्स या दोघांचेही वकील (म्हणजे राजनैतिक प्रतिनिधी) दरबारी हवेत. त्यामुळे बाडेन, सॅक्सनी ही जर्मन राज्ये १८१६ पासून आत, तर अवाढव्य चीन १८६० पर्यंत बाहेर! भारत आत येतो तो थेट १९४७ मध्ये. खडकी, सीताबर्डी, महिदपूर, आष्टी इथे १८१७-१८ मध्ये लढले गेलेले युद्ध दोन राज्यांमधले धरलेलेच नाही. ते ‘राज्यबाह्य’ युद्धांच्या वेगळ्या कप्प्यात आहे. सुरुवातीला तर या कप्प्यात मृतांची मोजणीही फक्त ‘सदस्य’, म्हणजे या अटीत बसणाऱ्या, राज्याच्या बाजूची होई. इंग्रजांकडचा शिपाई पडला तर त्याची नोंद होई, पेशव्यांचा पडला तर नाही.

वसईच्या तहानंतर पेशवे स्वतंत्र कुठे होते, असे कोणी विचारेल. ते खरेच आहे. पण इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत हे १८०२ च्या त्याच तहात इंग्रजांनी बाजीरावांकडून लिहून घेतले होते. मग फ्रेंच वकील पुण्यात येणार कसा? आणि लाहोर दरबारावर तर असे बंधन नव्हते, तरी १८४५-४६ चे इंग्रज-शीख युद्धही त्याच कप्प्यात आहे.

चार्ल्स बुचर आणि रायन ग्रिफिथ्स यांनी तयार केलेल्या नव्या यादीत वकिलातींची ही अट नाही. आशिया-आफ्रिकेतील कितीतरी राज्ये तीत आली आहेत. आपल्या विद्यापीठांतील राज्यशास्त्र विभागांनी तीही शिकवावी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात दरबारोदरबारीच्या वकिलांची पत्रे आहेत. कोणाचा वकील कुठे होता, तह कोणाशी झाले, हे त्यांतून विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेता येईल. मोडी वाचणारे अजून आहेत. आणि आपणही युद्धांचे आकडे छापताना ‘राज्य’ कोणाला धरले आहे, ते एका ओळीत सांगावे, ही विनंती.

— इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, सातारा