ओटी टेस्ट शेवटच्या नळावर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिले दोन पाऊस झाले की मराठवाड्यातल्या कुठल्या तरी गावात गॅस्ट्रोची लागण होते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सलाईन लावलेल्या रुग्णांचे फोटो छापून येतात आणि चर्चा रिक्त पदांवर येऊन थांबते. डॉक्टर हवेतच, त्यात वाद नाही. पण ग्रामपंचायत कार्यालयाच्या कोपऱ्यात पाणी शुद्ध करायच्या टीसीएलचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पोते पडलेले असते, त्याची विचारपूस कोणी करत नाही.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडत जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, वर पत्रे, आणि फोडलेल्या पोत्याचे तोंड सुतळीने कसेबसे आवळलेले. जून उजाडेपर्यंत पावडरीचा वास गेलेला असतो, गोळे झालेले असतात, उरतो तो चुना. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असतो तो यासाठीच. 20 टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन निघाला तर पावडर निकृष्ट ठरते. अहवाल येईतो पोते निम्मे संपलेले असते, हा भाग वेगळा! मार्चअखेर निधी खर्ची पडावा म्हणून वर्षाची पावडर एकदम घेऊ नये. तीन-तीन महिन्यांची घ्यावी, पोत्यावरची उत्पादनाची तारीख बघून घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये कोरड्या, अंधाऱ्या खोलीत ठेवावी. लोखंडी कपाट नको, ते गंजून जाते.

मात्रा सोपी आहे. चांगली पावडर असेल तर 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. विहिरीसाठी व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणले की लिटर मिळतात. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 1 लाख 13 हजार लिटर; पावडर लागेल 565 ग्रॅम. पावडरीची ताकद निम्म्यावर आली असेल तर मात्रा दुप्पट. प्रत्यक्षात मूठभर पावडर फडक्यात बांधून पुरचुंडी टाकीत सोडली जाते. तिच्याभोवतीच्या पाण्यात क्लोरीन जास्त होतो, बाकीच्या टाकीत जवळपास नसतोच, आणि फडक्यात चुन्याचा गोळा बसतो.

रीत अशी: एका बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. चुना तळाला बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून तेच वापरावे, गाळ फेकून द्यावा. टाकी भरायला सुरुवात होताच हे द्रावण ओतले की पडणाऱ्या पाण्यानेच ते मिसळते. भरलेल्या टाकीत वरून ओतले तर वरच राहते. विहिरीत बादली दोरीने पाण्याखाली सोडून वरखाली करावी. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडू नये. वीज आली की बोअरचे पाणी थेट लाईनला देणाऱ्या गावांत हा अर्धा तासच मिळत नाही. तिथे टाकी भरूनच पाणी सोडायचे किंवा लाईनवर डोसर, म्हणजे वाहत्या पाण्यात क्लोरीन सोडणारे यंत्र, बसवायचा, तिसरा उपाय नाही.

टँकरची गोष्ट आणखी अवघड. 12 हजार लिटरच्या टँकरला भरतानाच 60 ग्रॅम टीसीएलचे द्रावण पडायला हवे. समजा पडले. पुढे तो टँकर गावातल्या कोरड्या पडलेल्या विहिरीत रिकामा होतो. तळाशी गाळ, पालापाचोळा, कबुतरांची विष्ठा. सगळा क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. वरून पन्नास पोहरे, पन्नास दोऱ्या. टँकर तोट्या बसवलेल्या प्लास्टिकच्या टाकीत रिकामा करावा. विहिरीतच ओतायचा असेल तर तिथे पुन्हा टीसीएल टाकावे. पाच-सहा दिवसांआड पाणी सुटणाऱ्या गावांत लोक जारच्या पाण्याकडे वळलेत. ते थंड असते म्हणून शुद्ध मानले जाते. त्याची ओटी, म्हणजे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरला ते बघण्याची चाचणी, कधी कोणी घेतली आहे?

आता ओटी टेस्ट. ती बहुधा टाकीजवळच्या नळावर होते, कारण तो नळ वाटेवर असतो. तिथे पिवळा रंग आला की वहीत नोंद. पण नळाचे पाणी थांबले की लाईन रिकामी होते आणि जिथे गळती असते तिथून नालीचे पाणी आत ओढले जाते. व्हॉल्व्हचा खड्डा तुंबलेला असेल तर विचारूच नका. म्हणून टेस्ट शेवटच्या नळावर, बहुतेक गावांत वस्तीच्या टोकाला, घ्यायला हवी. तिथे 0.2 ते 0.5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन मिळाला पाहिजे. ओटीचे थेंब टाकल्यावर रंग लगेच, दहा सेकंदांत बघायचा. पंधरा मिनिटांनी दिसणाऱ्या पिवळेपणात पाण्यातल्या घाणीशी जोडला जाऊन ताकद कमी झालेला क्लोरीनही धरला जातो. गढूळ पाण्याला आधी तुरटी, मग टीसीएल.

महायुद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने रोगप्रतिबंध आणि उपचार एकाच यंत्रणेकडे असावेत असे सुचवले होते. तेव्हा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. आरोग्य केंद्रे आपल्याकडे नंतर आली. पण पाण्याच्या बाबतीत ती जोडणी अजून सैल आहे. पावडर ग्रामपंचायत घेते, टाकतो जलसुरक्षक, तपासतो आरोग्य सेवक. एकाचे मानधन थकलेले, दुसऱ्याकडे चार-पाच गावे. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण होऊन जोखमीनुसार गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. क्लोरीन मात्र रोज लागतो.

ग्रामपंचायतीसमोरच्या फलकावर तारीख, कुठल्या नळावर टेस्ट घेतली आणि ओटी किती आली, एवढे रोज लिहिणे सक्तीचे करावे. शेजारी टीसीएलचा शेवटचा अहवाल लावावा. आणि आपल्या वार्ताहरांनी गॅस्ट्रोची बातमी देताना रुग्णांच्या आकड्यासोबत या दोन नोंदीही मागाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, परभणी जिल्हा