सुमे, त्यांना बोलावण्याआधी

लिमरिक, आयर्लंड

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. तुमचा निसर्गपूजक विक्का पंथाचा गट यंदा साऊनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या, रात्री वर्तुळ आखून फेअरी मंडळींना बोलावणार आहे आणि त्यांना काय रुचतं ते मी इथून कळवावं, असं तू लिहिलंयस. कळवते. पण आधी एक गोष्ट मनापासून सांगू दे. ज्या आयरिश शेतकऱ्यांकडून ही मंडळी तुमच्यापर्यंत पोचली, ते त्यांना सहसा बोलवत नसत. त्यांचा सगळा खटाटोप असायचा तो सलोखा राखून त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवण्याचा.

पंखांच्या चिमुकल्या पऱ्या मनातून काढून टाक. ते पंख मागाहून इंग्लंडातल्या रंगभूमीनं आणि चित्रकारांनी चिकटवले. इथले ‘एस शी’, म्हणजे टेकाडांतले लोक, माणसाएवढे, देखणे, मानी आणि चटकन दुखावणारे. जुन्या कथांत ते ‘तुआहा डे डनन’, या बेटाचे आधीचे राजे. मीलच्या मुलांनी, म्हणजे आजच्या आयरिश माणसांच्या पूर्वजांनी, त्यांना हरवलं आणि बेटाची वाटणी झाली : जमिनीवरचं माणसांचं, जमिनीखालचं त्यांचं. पण हरलेले गप्प बसले नाहीत. एका मध्ययुगीन कथेत ते जिंकलेल्यांचं धान्य आणि दूध नासवून टाकतात. अखेर मीलच्या मुलांना त्यांच्या डागडा या प्रमुखाशी तह करावा लागतो, तेव्हा कुठे पीक आणि दूध सुरक्षित होतं.

मला या सगळ्या विश्वासाचं मूळ त्या तहात दिसतं. 1937 ते 1939 या काळात इथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांमध्ये उतरवून काढलं. तो संग्रह आता सगळ्यांना वाचायला खुला आहे, आणि मी रात्री त्यात हरवून जाते. गाय पिळली की पहिल्या धारेतलं थोडं दूध जमिनीवर सांडायचं. अंधार पडल्यावर दाराबाहेर पाणी फेकायचं तर आधी हाक द्यायची, बाजूला व्हा म्हणून, कारण कोण जात असेल सांगता येत नाही. घर बांधायचं ठरलं की चारही कोपऱ्यांवर खुणा करून रात्रभर थांबायचं; सकाळी खूण हललेली दिसली तर ती त्यांची वाट, तिथे पाया खणायचा नाही. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचा, कारण लोखंडाला ते भितात. आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘ती भली माणसं’ म्हणायचं, जसं आपल्याकडे कोकणात रात्री सापाचं नाव घेत नाहीत. यात भक्ती नाही गं. हद्दीवरच्या शेजाऱ्याशी माणूस जसा जपून वागतो, तसं आहे हे.

आणि हे संपलेलंही नाही. इथून गॉलवेकडे जाताना लटून या ठिकाणी हमरस्त्याच्या कडेला एक हॉथॉर्नचं झाड आहे. बुटकं, वाऱ्यानं वाकलेलं. मुद्दाम कुणी दाखवलं नाही तर नजरेतून सुटेल. 1999 मध्ये नवा रस्ता त्यावरून जाणार होता. एडी लेनिहान या कथेकऱ्यानं आवाज उठवला : दक्षिणेच्या मन्स्टर प्रांताचे फेअरी पश्चिमेच्या कॉनाक्ट प्रांताच्या फेअरींशी लढायला निघतात, तेव्हा इथे जमतात, हे तोडलं तर रस्त्यावर माणसं मरतील. झाड वाचलं, रस्ता त्याला वळसा घालून गेला.

आता साऊनबद्दल, कारण ती रात्र तुम्ही निवडली आहे. रॉसकॉमनमधल्या रॅथक्रोहनला एका शेतात ‘मांजरांची गुहा’ आहे. साऊनच्या रात्री ती उघडते. जुन्या कथेतला नेरा नावाचा तरुण त्या रात्री फेअरींच्या सैन्यामागोमाग आत शिरतो, तिथल्याच एका बाईशी संसार मांडतो. ती त्याला सांगते, तुझ्या राजाचा वाडा पुढच्या साऊनला जळणार, आत्ताच जाऊन सावध कर. पण त्यांना खरं वाटेल कशावरून? तर उन्हाळ्याची फळं-पानं घेऊन जा : रानलसूण, प्रिमरोझ, सोनेरी नेचा. तो बाहेर येतो तर त्याची माणसं अजून त्याच हंड्याभोवती बसलेली, जेवण व्हायचंय! थंडीच्या तोंडावर हातात उन्हाळ्याची फुलं धरलेला हा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण नेरा शेवटी कायमचा तिथेच राहिला, हेही लक्षात ठेव.

तुमचा विक्का खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो तरुण धर्म आहे, इतकंच. तो जगापुढे आणणारा जेराल्ड गार्डनर हा इंग्रज सिलोन-मलायात नोकरी करून परतला. 1951 मध्ये इंग्लंडातला चेटुकविरोधी कायदा रद्द झाला आणि 1954 मध्ये त्याचं पुस्तक आलं. फेअरी म्हणजे डोंगराआड लपलेली कुणी ठेंगणी प्राचीन जमात, असा तर्क त्यात आहे. उत्खननात त्याला आधार मिळालेला नाही. तुमच्या वर्षचक्रातल्या आठ सणांपैकी साऊन, इम्बोल्क, बेल्टेन, लूनसा ही नावं आयरिश. मात्र चार दिशांची चार तत्त्वं आणि त्यांचे रक्षक जीव युरोपातल्या वेगळ्याच गूढविद्येतून आले. त्यात निसर्गाबद्दल जी माया आहे ती मला खरी वाटते, तुझ्या पत्रात ती ओळीओळीत आहे. पण सुमे, हातात पोलादी पात्याचा विधीचा सुरा घ्यायचा आणि जे लोखंडाला भितात त्यांना या म्हणायचं, हे कसं जुळतं? तुमच्यातले काही जण अशा वेळी सुरा बाजूला ठेवतात म्हणे. ते योग्य वाटतं.

भीतीचंही मी कौतुक करणार नाही. शेजारच्या टिपररीत बॅलिव्हॅडली गावी ब्रिजेट क्लिअरी राहायची. शिवणकाम करायची, स्वतःचं मशीन होतं, कोंबड्या होत्या. 1895 च्या मार्चमध्ये ती आजारी पडली आणि नवऱ्याला वाटलं, ही माझी बायकोच नव्हे, फेअरींनी बदली ठेवलेली कुणी आहे. नातेवाइकांच्या देखत त्यानं तिला जाळलं. मग तो टेकाडापाशी वाट बघत बसला, ती पांढऱ्या घोड्यावरून परत येईल म्हणून. त्याला मनुष्यवधाबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. ही गोष्ट सोडून फेअरींबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. तुमच्या गटालाही ती सांग.

तर मला विचारशील, तर वर्तुळात बोलावू नका. बाहेर मातीवर थोडं दूध ओता, मागणं काही मागू नका, मागे वळा. चांदीच्या वाटीत मध वगैरे मांडू नका, ते देव्हाऱ्यासारखं होतं. आणि मग मे महिन्यात इकडे ये, हॉथॉर्न फुललेला असतो. फक्त फांदी तोडून घरात आणायची नाही, हे इथे आजही पाळतात. रॅथक्रोहनला आपण दोघी जाऊ. गुहा खाजगी शेतात आहे, जवळच्या टल्स्क गावातल्या पर्यटक केंद्रात आधी विचारावं लागतं. जुने कपडे आण, आत रांगत उतरावं लागतं आणि चिखल भरपूर.

तुझी,
नंदू