शेवटच्या झाडाची गोष्ट अर्धीच सांगता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्यावरणावर लेख म्हटला की प्रशांत महासागरातलं ईस्टर आयलंड हे बेट आलंच. म्हणे बेटावरच्या लोकांनी ते मोठाले पुतळे उभारायच्या नादात सगळी झाडं तोडली, मग उपासमार, मारामाऱ्या, एकमेकांना खाल्लं वगैरे, आणि आता आपणही त्याच वाटेने चाललोय. वाचायला भारी वाटतं, पण यातलं बरंचसं आता टिकत नाही आणि तरी तेच पुन्हा पुन्हा छापून येतं, म्हणून हे पत्र.

झाडं गेली हे खरंच आहे, ते कोणी नाकारत नाही. पण नुसत्या कुऱ्हाडीने गेली का? तिथे सापडलेल्या ताडाच्या जुन्या बियांवर उंदरांच्या दातांच्या खुणा आहेत, माणसांसोबत होड्यांतून आलेले उंदीर बियाच फस्त करत असतील तर नवीन रोप येणार कुठून. आणि झाडं संपल्यावर लोक काही रडत बसले नाहीत, जमिनीतली ओल टिकावी म्हणून शेतात दगड पसरून मधे रताळी लावायचे. २०२४ मध्ये १५ जुन्या रापानुई (म्हणजे बेटावरच्या मूळ) माणसांच्या डीएनएचा अभ्यास आला, त्यात १६०० च्या सुमारास लोकसंख्या कोसळल्याची खूण सापडली नाही, उलट ती हळूहळू वाढतच होती.

खरी वाताहत झाली १८६२ नंतर. पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली, साधारण दीड हजार माणसं उचलून नेली, त्यातली बहुतेक तिकडेच मेली आणि जी थोडी परत पाठवली त्यांच्यासोबत बेटावर देवीची साथ आली. १८७७ ला उरली १११ माणसं. एकशे अकरा! १८८८ ला चिलीने बेट घेतलं आणि पुढे बरीचशी जमीन मेंढ्यांच्या चराईला गेली. हे सगळं गाळून "स्वतःच्या हाताने संपले" म्हणायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मध्य अमेरिकेतले माया लोकही असेच लेखांमध्ये दर वेळी "गायब" होतात. मोठे दुष्काळ पडले, मेक्सिकोतल्या युकातानच्या तळ्यातल्या गाळात त्याचा पुरावा आहे, नवव्या शतकात दक्षिणेकडची शहरं ओस पडत गेली, सगळं मान्य. पण राजाराजांमधल्या लढायाही होत्याच की. आणि माया भाषा बोलणारी लाखो माणसं आज ग्वातेमाला, मेक्सिकोत राहतात, त्यांनी हे लेख वाचून काय म्हणायचं?

दुसऱ्या बाजूचेही काही कमी नाहीत. "हवामान काय आधीपण बदलायचं, वायकिंग लोक ग्रीनलंडला शेती करायचेच ना." अहो, पण त्या वसाहती टिकल्या कुठे? १४०८ च्या एका लग्नानंतर त्यांची लेखी नोंदच नाही.

जुनं उदाहरण हवंच असेल तर दक्षिण मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं घ्या. कालव्याचं पाणी भरपूर, निचरा नाही, वर कडक ऊन, त्यामुळे जमिनीतला क्षार वर येत गेला आणि गव्हापेक्षा खारट जमीन जास्त सोसणारा जव लोक जास्त पेरू लागले, असं मातीच्या पाट्यांवरच्या नोंदींवरून काही अभ्यासक मांडतात. किती नुकसान झालं यावर त्यांच्यात वाद आहेत, ते वादही छापा. त्यात ना पुतळे आहेत ना नरभक्षक, त्यामुळे फोटो कुठला टाकायचा हा तुमचा प्रॉब्लेम.

आपला,
एक नियमित वाचक